पैठणचे दगड

गुलमंडीवरच्या माशांच्या दुकानात तनुजा खाद्य घ्यायला थांबली होती. तिच्या पुढं पाचोडकडचा एक म्हातारा दुकानदाराशी बोलत होता.

"खाऱ्या पाण्याच्या टाकीला स्वस्तातला दगड हाय का? मासे एकेक करून मरायलेत."

"हा कोरडा घ्या काका, समुद्राचाच आहे. याच्या छिद्रांमुळं पाणी चांगलं राहतं. आत्ता कोणते टाकलेत?"

"पैठणचे. गोदावरीतले."

"नदीचे गुळगुळीत दगड कुणी टाकायला सांगितले?"

"कुणी नाय. टाकी पोराची हाय. त्याच्या अस्थी सोडल्या, तिथलेच उचलून आणले. म्हणलं, राहील माशांजवळ. लई जीव होता त्याचा."

तनुजा हातातली डबी नुसतीच फिरवत राहिली.

"काका… ते काढा, परत नदीत सोडून या," दुकानदार म्हणाला.

"म्हंजी पुन्हा सोडून येऊ व्हय त्याला?"