जावंची भाजलेली कोंबडी

हसू नका, पण धाकट्या जावंनं ओव्हन घेतला तवापासून माह्या पोटात दुखून राह्यलं होतं. त्या दिवशी तिनं अख्ख्या कोंबडीले पुदिना, कोथिंबीर, लसूण वाटून लावला आन् भाजाले ठेवली. वास सुटला तसे आमचे हे ओव्हनसमोरच जाऊन बसले!

कोंबडी बाहेर आली तशी मी सासूच्या कानाले लागली, "आत्याबाई, तिखट नाही, रस्सा नाही. मले तर कच्चीच दिसते."

सासूनं कोंबडीचे तुकडे केले, कढईत टाकले, वरून काळा मसाला आन् पाणी. जाऊ रडकुंडीले आली. मले किती बरं वाटलं, पुसू नका.

जेवताना सासूनं बोटं चाटली आन् मलेच म्हणते, "धाकटीनं मसाला लावून भाजली म्हणूनच रश्श्याले अशी चव आली. वीस वर्षांत तुह्या हातचा रस्सा असा एकदाही झाला नाही. शिक जरा धाकटीपासून!"