सुनेचा पासवर्ड

आता तुमीच सांगा बायांनो, माझ्या डोक्यात तर हे काही बसून न्हाई राहिलं. माझी सून प्रिया आमच्या कुरुंदा गावात घरबसल्या नोकरी करती. घरच्या कॉम्प्युटरवरून पुण्याच्या हापिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरात शिरती अन् तिथलं बिघडलेलं इथूनच नीट करती. परवा भावाच्या लग्नासाठी तिनं दोन्ही हातांवर मेंदी काढली, अन् तेवढ्यात फोन आला, तिकडं सगळं काम बंद पडलं म्हणून.

"आई, आत शिरायला पासवर्ड टाकावा लागतो," ती रडकुंडीला आली.

माझी लेक लता लगेच खुर्चीत बसली. "वहिनी, तुमी सांगा, मी बटणं दाबते."

"न्हाई, तो कोणाला सांगायचा नसतो."

मी म्हटलं, "लता काय परकी हाय? अन् तू टाकल्यावर पडद्यावर आमाला दिसंलच की."

"न्हाई आई, टाकला तरी तो पडद्यावर दिसत न्हाई."

"काहून? असा कोणता शब्द हाय?"

ती उठली. तडक मोरीत गेली अन् ओली मेंदी खसाखसा धुऊन आली! मग टकाटका बटणं दाबली अन् काम चालू झालं.

लता हसली, "नवऱ्याचं नाव असंल!"

"त्याला तर ती दिवसभर नावानं हाका मारती," मी म्हटलं. "काय गं प्रिया, मग माझं नाव हाय का?"

बया, ती एकदम खालीच पाहू लागली. आता नुसतं नावच असतं, तर त्यात खाली पाहण्यासारखं काय होतं?