पोळ्याला सजवलेल्या शेळीबाबत

दि. २/९/१९९७, सकाळी १० वाजता.

मी सरस्वती निंबा सैंदाणे, वय ५८, काम वृद्धाश्रमात स्वयंपाक व देखभाल, राहणार तेथेच, गोडादरा, सुरत, ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

माझे पती कापडाच्या लूमवर कामाला होते. ते वारल्यापासून सहा वर्षे मी आश्रमात आहे. आश्रमात चौदा म्हातारी माणसे व मोगरी नावाची एक शेळी आहे. तिला दर तीन महिन्यांनी जनावरांचे डॉक्टर तपासतात. शिंगांच्या टोकांना रबर बसवले आहे. दम्याच्या माणसांजवळ तिला नेत नाही. तिला हात लावला की प्रत्येकाचे हात मी साबणाने धुवून घेते.

इंदुबाई, वय ७४, यांचा डावा हात लकव्याने गेला. डॉक्टरांनी सांगूनही त्या मूठ उघडत नव्हत्या. शेळीला पाला द्यायला उघडतात.

काल पोळा होता. आश्रमात बैल नाही, म्हणून आश्रमातल्या सुकदेव आप्पांनी शेळीला हळद लावली, हार घातला, पुरणपोळीचा एकच घास दिला. तिच्या पाठीवरचा फेटा माझ्या पतीचा आहे. तो मी पेटीतून काढून दिला. शेजारी पडलेला कोयता चारा तोडण्याचा आहे. शेजारचे ललितभाई यांनी भिंतीवरून हे पाहिले व शेळी देवीला कापणार असे समजून ठाण्यात कळवले. संध्याकाळी ५ वाजता पोलीस शेळी घेऊन गेले.

हवालदारांनी शेळीचा पोळा कुठे असतो असे विचारले. आप्पा म्हणाले, "साहेब, बैल होते तेव्हा बैलांचा केला. आता घरात जे आहे त्याचा करतो."

इंदुबाईंची मूठ कालपासून मिटलेली आहे. रात्री त्यांनी "गेली का?" एवढेच विचारले. मी सकाळी आणते म्हणाले.

ललितभाई आज स्वतः ठाण्यात आले. म्हणाले, "मासी, आम्हाला काय खबर? आधी सांगायचं ने." त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मुके जनावर वाचवायला ते धावले. पुढच्या पोळ्याला त्यांना जेवायला बोलावले आहे.

शेळी व फेटा मला ताब्यात मिळाले.

मी शाळेत गेले नाही, पण वाचायला शिकले आहे. हा जबाब मी स्वतः वाचला. त्यात एके ठिकाणी 'बकरा' लिहिले होते, ते खोडून 'शेळी' करून घेतले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: सरस्वती निंबा सैंदाणे