लेकीच्या गावात मुक्काम

जागेश्वर : हेही फुल्ल हाय म्हणते.

कुसुमावती : कोन म्हणते? तुमी आत तरी गेल्ते काय? का बाहेरूनच मुंडी हलवून आले?

जागेश्वर : गेल्तो वं. मॅनेजरनं मान बी वर नाही केली. म्हणे, 'काका, उद्या एअर शो हाय, कवाचं बुकिंग झालं.' मी म्हटलं, गादी नको, जिन्याखाली जागा दे, आमी दोघं म्हातारे पडून राहतो. तं हासला.

कुसुमावती : हासला? बाप्पा! अन् तो कोपऱ्यावरचा लॉज?

जागेश्वर : तिथं एक खोली रिकामी होती. तिचा भाव आयकून मीच हासलो.

कुसुमावती : हासा, हासा. स्टँडासमोरचे सारे लॉज झाले. धर्मशाळेत लग्नाचं वऱ्हाड उतरलं. समाजभवनाले कुलूप. अन् तुमचा तो रुपराव? मोठा सांगत होता, 'दादा, कधीबी या हिंगण्याले, घर तुमचंच हाय.'

जागेश्वर : लागला त्याचा फोन. बायकालेकरं घेऊन सासुरवाडीले गेला, मौद्याले. म्हणे, 'पहिले सांगायचं न दादा.'

कुसुमावती : पहिलेच सांगायचं होतं! मी उमरेडलेच म्हटलं होतं, इमानाचा खेळ हाय, दुनिया लोटन. तं तुमी का म्हणे? 'नागपूर का लहान हाय? एवढ्या मोठ्या शहरात दोन जीवाईले जागा नाही भेटन?'

जागेश्वर : नाहीच भेटली न. आता काहून टोचून राहिली?

कुसुमावती : टोचून नाही राहिली. पाय भरून आले माहे. बसा इथं बाकावर. बसा म्हणतो न!

जागेश्वर : बसलो, बसलो. पाय पसर तू. ते थैली इकडे दे, पास हाय तिच्यात... पोरगा वायुसेनेत हाय वं आपला. उद्या साऱ्या नागपुरावरून जे इमानं जातीन, त्याईच्या इंजिनाले हेमराजचा हात लागते. अन् त्याचे मायबाप स्टँडावर बसले.

कुसुमावती : मंग करा न त्याले फोन.

जागेश्वर : तो का करन? स्वतः बराकीत राहते. बाहेरच्याले आत घेत नाही तिथं. अन् उद्या त्याचं जोखमीचं काम, त्याच्या जिवाले घोर नको.

कुसुमावती : तं उद्या पहाटे निघालो असतो घरून.

जागेश्वर : त्यानंच सांगितलं न, सकाळीच रस्ते बंद करतात. गर्दीत अडकलो का गेट लागलं, मंग हातात पास असून का फायदा? म्हणे, 'बाबा, आदल्या दिवशीच या.' आलो.

कुसुमावती : मुक्कामाचं नाही सांगितलं त्यानं?

जागेश्वर : त्याले वाटलं असन... सोड.

कुसुमावती : त्याले वाटलं, बहीण हाय न इथंच, महाल मोहल्ल्यात. अन् बरोबरच वाटलं. आटोत बसलो का पोचलो.

जागेश्वर : ते नाव काढू नको.

कुसुमावती : काहून नको? माही लेक हाय. नऊ महिने मी वागवली.

जागेश्वर : अन् मी का रस्त्यावरून उचलून आनली? पन लेकीची कूस भरेपर्यंत बाप तिच्या घरचं पानी पेत नाही. तिथं राहायचं तं दूरच. तुह्या बापानं पिलं होतं काय माह्या घरचं?

कुसुमावती : नाही पिलं. आंगनातच उभा राहायचा, उन्हातान्हात. मी आत चुलीपुढं बसून पदरानं डोये पुसायची. मंग हीच झाली, प्रणाली. तिच्या बारशाले माह्या बापानं पहिल्यांदा माह्या घरी ताट घेतलं. पोटभर जेवला, अन् जेवता जेवता रडला.

जागेश्वर : हं. तसंच मलेबी जेवायचं हाय, एक दिवस. रीत हाय ते रीत हाय.

कुसुमावती : तुमची रीत गादी टाकून देते काय ते पाहा आता... अवो, ते गाडीवर कोन? इकडेच येऊन राहिली.

जागेश्वर : तू फोन केला तिले?

कुसुमावती : हेमराजची शपथ, नाही केला.

प्रणाली : हेमराजनं केला. 'ताई, आईबाबा पोचले का तुझ्याकडे?' मी म्हटलं, माझ्याकडे? ते तर उमरेडले आहेत.

कुसुमावती : प्रणाली, माय, आयक तं...

प्रणाली : थांब आई. मघापासून एकेका लॉजमध्ये शिरून विचारते आहे. एक मॅनेजर म्हणाला, 'ते काका का? जिन्याखाली जागा मागत होते ते?' बाबा, जिन्याखाली? माझ्या गावात येऊन माझे वडील जिन्याखाली जागा मागतात? त्या माणसासमोर मला 'हो, तेच' म्हणावं लागलं.

जागेश्वर : तुले तरास नको म्हणून...

प्रणाली : हा त्रास नाही का? चला. आई, तू गाडीवर बस. बाबा, तुमच्यासाठी ऑटो पाहते.

जागेश्वर : नाही वं पोरी.

प्रणाली : अभिजीत सेकंड शिफ्टले गेला आहे. त्यानंच फोनवर सांगितलं, 'हात धरून घेऊन ये, नाही आले तर मी शिफ्ट सोडून येतो.' घरात दुसरं कोणी नाही. कोण पाहणार आहे?

जागेश्वर : जावई हिरा मानूस हाय. त्याचा सवाल नाही. अन् कोनी पाहन म्हणून थोडीच पाळतो मी?... तुह्या खाली ते घरमालकीण राहते न, इंदूबाई? तिच्या ओसरीत पडलो आमी तं?

प्रणाली : इंदूबाईंची ओसरीसुद्धा भाड्यानं गेली. गोंदियाची माणसं आली आहेत शोसाठी. पण गेली नसती तर तुम्ही झोपले असते तिथं. हो न? खाली परक्या बाईकडे चालते, वर माझ्याकडे नाही. एका जिन्याचा फरक आहे बाबा.

जागेश्वर : फरक हाय खरा.

प्रणाली : माझ्या ऑपरेशनच्या वेळेस तुम्ही दोघं दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपले. डास खात होते. नर्स मला विचारायची, 'आईवडील बाहेरगावचे आहेत का? इथं कोणी नाही का त्यांचं?' काय सांगायचं मी?

कुसुमावती : मी म्हटलं होतं तेव्हाबी. माहं कोन आयकते?

जागेश्वर : अपेंडिक्स असो का काही असो, पोटाची चिरफाड होती. तुले सोडून जाववत नव्हतं. अन् घरी येता येत नव्हतं.

प्रणाली : आताही तेच. चला न बाबा.

जागेश्वर : कुसुम, उमरेडची बस अजून हाय. वापस जाऊ.

कुसुमावती : अन् उद्या?

जागेश्वर : टीव्हीवर दाखवतीन.

कुसुमावती : टीव्हीवर! दोन वर्षांपासून पोराचं तोंड नाही पाह्यलं मी. लांबून तरी दिसन म्हणून पेटीतली नवी साडी काढून आनली. तुमी कोनत्या मातीचे हाय हो? एका लेकराच्या दारात येऊन वापस, दुसऱ्याच्याही दारातून वापस!

प्रणाली : आई, रडू नको. लोक पाहून राहिले.

कुसुमावती : पाहू दे. लॉजवाले तं हासलेच हाय.

प्रणाली : बाबा, एक विचारू? खरं सांगा. माझ्या घरी काही कमी आहे का? अभिजीतच्या घरच्यांचं काही मनात राहिलं का?

जागेश्वर : नाही वं माय, असं बोलू नको.

प्रणाली : मग नुसती रीत म्हणून एवढं? सात वर्षं?

जागेश्वर : पहिले रीतच होती. आता फक्त रीत नाही राहिली... तुह्या दारातून मी वापस फिरतो न, तं जिना उतरता उतरता मनात म्हणतो, देवा, मी तहानलेला चाललो, ध्यानात ठेवजो. पुढच्या खेपेस नातवंडाच्या हातचं पेईन. दरवेळेस म्हणतो. मले दुसरं काही करता येत नाही तुह्यासाठी. ना मी डॉक्टर, ना मी पैसेवाला. तहान तेवढी माही हाय, ते ठेवली. आज आत येऊन पानी पिलो म्हंजे मी आस सोडली. बापानं आस सोडायची काय?

प्रणाली : सोडा, बाबा.

जागेश्वर : का म्हटलं?

प्रणाली : सोडून द्या. मी सोडली.

कुसुमावती : असं काहून बोलते वं? तुहं वय का झालं? आपल्या देवकीले किती उशिरा...

प्रणाली : आई, ते अपेंडिक्स नव्हतं.

कुसुमावती : मंग का होतं?

प्रणाली : पिशवी काढली माझी. गाठी झाल्या होत्या, वाढत होत्या. डॉक्टर म्हणाले, नाही काढली तर जिवावर येईल.

कुसुमावती : अव माय... अव माह्या माय...

प्रणाली : मी बरी आहे आता. खरंच बरी आहे.

कुसुमावती : अन् मी तुले डिंकाचे लाडू धाडत राहिली. कूस धरन म्हणून. गुरुवार धरले, पायात वाहना नाही घातल्या... तू काहून नाही बोलली वं?

प्रणाली : लाडू खाल्ले मी आई. सगळे खाल्ले. एकही नाही ठेवला.

जागेश्वर : जावयाले ठाऊक होतं?

प्रणाली : सही त्यानंच केली. रडत केली. म्हणाला, 'मला तू पाहिजे.' पुढं काय करायचं ते आम्ही दोघं पाहू. आत्ता ते नाही बोलायचं मला.

जागेश्वर : मी बाहेरच बसलो होतो, व्हरांड्यात. दाराच्या बाहेर. मले नाही सांगितलं तू.

प्रणाली : कशी सांगू? दर दिवाळीले तुम्ही दारात उभे राहता, फराळाचा डबा आत सरकवता अन् हसून म्हणता, 'पुढच्या सालाले आत येतो.' ते तोंड पाहून सांगता येते का? अन् भीतीही वाटत होती.

जागेश्वर : माही भीती?

प्रणाली : तुमची नाही. लेकरू झाल्यावर येतो म्हणणारा माणूस, लेकरू होणारच नाही म्हटल्यावर कधी येतो? मी खूप विचार केला बाबा. रीतीत हे कुठं सांगितलेलंच नाही.

जागेश्वर : नाही. मलेबी कोनी नाही सांगितलं. जिंदगीभर मागावर बसलो, तुटलेला धागा कसाबी जोडला. हे मले जोडता येत नाही पोरी. काय करावं ते समजून नाही राहिलं.

कुसुमावती : उमरेडची बस लागली, अवो. कंडक्टर आवाज देऊन राहिला.

जागेश्वर : आयकलं मी.

कुसुमावती : तं मी सांगतो आता. तुमाले जायचं तं जा. मी लेकीसंग चालली. पाप लागन तं मले लागो, लय पुण्य करून पाह्यलं.

प्रणाली : आई, बाबांना असं नको बोलू.

जागेश्वर : बोलू दे तिले. बरोबर बोलून राहिली... गाडीवर घे आईले. हळू चालवजो, तिचे पाय सुजले हाय.

प्रणाली : अन् तुम्ही?

जागेश्वर : आटो करून दे मले. येतो मी.

प्रणाली : नक्की न बाबा? मधेच उतरणार नाही न?

जागेश्वर : कुठं उतरू? साऱ्या नागपुरात जागा नाही मले... रस्ता नको सांगू, मले ठाऊक हाय. गल्ली ठाऊक हाय, जिना ठाऊक हाय, तुहं दार ठाऊक हाय. त्याच्या आतलं तेवढं नाही पाह्यलं.

(महालातली अरुंद गल्ली, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. कुसुमावती केव्हाच आत जाऊन बसली आहे. जागेश्वर उंबऱ्याबाहेर उभे आहेत, थैली छातीशी धरून.)

जागेश्वर : चपला इथं काढू?

प्रणाली : कुठंही काढा बाबा. तुमचंच घर आहे.

कुसुमावती : पाहा तं, भांडी कशी लावली पोरीनं. अन् खिडकीतून आभाळ दिसते थोडंसं. उद्या इकडून जातीन काय वं इमानं?

प्रणाली : आवाज येईल इथवर. कालपासून सराव चालू आहे, काचा थरथरतात. बाबा, या न आत. असे बाहेर नका उभे राहू.

जागेश्वर : आलो. आलो न... हे घे, थैली ठेव. कुठं बसू?

प्रणाली : पलंगावर बसा. पाय वर घ्या.

जागेश्वर : हेमराजले फोन कर. त्याले सांग, पोचले म्हणा.

प्रणाली : काय सांगू? कुठं पोचले?

जागेश्वर : घरी. तुह्या घरी पोचले म्हणा.

प्रणाली : करते... बाबा, पाणी आणलं आहे. नाही प्यायलं तरी चालते. नुसतं जवळ ठेवते.

जागेश्वर : अर्धाच गिलास काहून आनला वं?

प्रणाली : वाटलं, इतकंच... वाटलं, नाही प्यायचे तुम्ही.

जागेश्वर : पेऊनच राहिलो तं पूरा भर, माय.