हुंकाऱ्याची अर्धी गोष्ट

माननीय अध्यक्षमहाराज, आपल्या कुरणाचे मालक मानसिंगराव, त्यांच्या शेजारी बसलेले पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते कुरणाचे राखणदार धुळाप्पामामा, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या गवतवाल्या बायाबाप्यांनो, सर्वांना सारजाबाईचा रामराम.

मी मराठी दुसरीपर्यंत शिकले. पुढं हातात विळा आला. त्यामुळं भाषण लांबवायची मला सवय नाही, आणि सवडही नाही. आधीच्या वक्त्यांनी मामांना 'कुरणाचे निष्ठावंत रक्षक' म्हटलं. खरं आहे. पण ते एक नंबरचे थापाडे आहेत, हे कुणी बोललं का? नाही. म्हणून मला उठावं लागलं.

एक विनंती आधीच करते. गोष्ट सांगताना आपल्याकडं ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं असतं. हूं थांबला की सांगणाराही थांबतो. आज मात्र मी बोलत असताना कुणीही हूं म्हणू नका. का, ते पुढं कळेल.

सोलापूरचे टांगे ज्या गवतावर पळतात, ते गवत आम्ही कापतो. दिवाळीनंतर बाया-पोरं घेऊन कुरणातच झोपड्या घालून राहतो. दिवेलागणीला भाकरी खाऊन झाली की मामा काठी टेकत यायचे आणि थापा सुरू. त्यांच्या थापेतली धामीण म्हशीचं दूध पिऊन थांबायची नाही. उरलेल्याला विरजण लावायची आणि लोणी घेऊन मंगळवारच्या बाजारात बसायची. आमची काशम्मा विचारायची, "मग गिऱ्हाईक पळून जात न्हाई व्हय?"

"पळंल कशाला? वजनाला चोख हाय की ती!"

दुसरा एक लांडगा. तो आंधळा. माणसाला शिवायचा नाही, सावली तेवढी खायचा. बिनसावलीचा एक गडी गिरणीत कामाला गेला, तर तिथल्या मुकादमानं, जॉबरनं, त्याला अर्धा माणूस म्हणून अर्धाच पगार लावला. पोरं खिदळायची आणि झोपडीत जाताना हळूच आपापली सावली बघून घ्यायची. मी चिडायचे. "मामा, झोपू द्या की पोरास्नी!"

"तू हूं म्हणत न्हाईस सारजा. मग तुला सांगतंय कोण?"

ते खरं होतं. हूं म्हणायची माझी धाकटी बहीण, सोजर. तिचा हूं निराळा होता. शेवटाला वर उचललेला, जणू "बरं, मग?" मामा म्हणायचे, या पोरीच्या हूंवर मी अक्कलकोटापर्यंत चालत जाईन.

एका संध्याकाळी मामांनी नवं जनावर काढलं. हुंकाऱ्या. अंग लांडग्याचं, लोकर मेंढ्याची, कान सुपाएवढे. तोंडात आवाज एकच, हूं. माळावर कुठं गोष्ट चालली की तो येतो आणि सगळ्यांच्या मागं गुपचूप बसतो. ऐकणारे पेंगले की हूं म्हणायचं काम तो घेतो. सांगणाऱ्याला वाटतं, कुणीतरी जागं आहे. गोष्ट चालू आहे तोवर तो गरीब. गोष्ट संपली की त्याला भूक लागते. असा मेंढरं राखणारा एक मेंढका त्याच्या तावडीत सापडला. सोबती सगळे झोपलेले, गोष्ट संपत आलेली, आणि मागून हूं...

इथं सोजर उठली. घागर रिकामी झाली होती. "थांबा मामा, ओढ्यावरनं पाणी आणते. मी येईस्तवर फुडं सांगायचं न्हाई. शपथ हाय तुमाला."

"न्हाई सांगत. जा."

ती परत आली नाही.

ओढ्याला पाणी घोट्याएवढं. घागर काठावर भरून ठेवलेली, तिच्यावर चुंबळ नीट ठेवलेली. पलिते घेऊन आम्ही कुरण पालथं घातलं. पोलीसपाटलांनी आसपासच्या विहिरी उपसल्या. लांडग्यानं नेली म्हणावं, तर रक्ताचा थेंब नाही. 'पळून गेली' म्हणणारी तोंडंही होती. त्यांतली काही आज समोर बसली आहेत. त्यांनी खाली बघितलं तरी चालेल.

त्यानंतर मामा रोज दिवेलागणीला ओढ्याकडं तोंड करून बसू लागले. एकटेच. हुंकाऱ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायची आणि तिथंच थांबायचं. लोक हसायला लागले. मी भांडायला गेले. "मामा, माझ्या भनीची थट्टा लावलीया व्हय?"

ते रागावले नाहीत. "अर्ध्या गोष्टीचं माणूस परत येतं, सारजा. मी तिला शबुद दिलाय. बस हितं."

बसले. त्यांनी सांगितली. मेंढक्याच्या मागून हूं, इथवर आले आणि थांबले. वारा पडलेला होता. आणि माझ्या पाठीमागच्या गवतातून हूं आला. शेवटाला वर उचललेला.

मी वळले नाही. माझी मान वळेना. एवढंच विचारलं, "आपली सोजरच की, मामा?"

मामांनी काठीवर हनुवटी टेकली. "तिचा असंल तर ती वाट बघतीया. त्या दुसऱ्याचा असंल तर त्योबी वाट बघतोय. म्हून मी फुडं जात न्हाई."

मंडळी, आता याला थाप म्हणायचं का? तुम्हीच ठरवा. मला ठरवता आलेलं नाही. नऊ वर्षं झाली.

आज मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांचा लेक बिरप्पा बाहेर बैलगाडी जुंपून उभा आहे. गावी नातवंडं वाट बघतात. मालकांनी शाल दिली, नारळ दिला, चांगलं केलं. पण शालीनं या माणसाचा पाय निघायचा नाही. काल माझ्या दारात येऊन म्हणाले, "शबुद मोडून जाऊ कसा, सारजा? आन् गोष्ट पुरी करून तरी जाऊ कसा?"

म्हणून सगळ्यांदेखत सांगते. मामा, ती अर्धी गोष्ट मला द्या. उद्यापासून ओढ्याकाठी मी बसेन. मला गोष्ट सांगता येत नाही, ऐकायचाही कंटाळा. पण तिथवर पाठ झाली आहे. मेंढका सुटला कसा, ते मात्र मला सांगू नका. जे ठाऊकच नाही, ते माझ्या तोंडून चुकूनही जायचं नाही. तुम्ही निर्धास्त गाडीत बसा.

मामांनी मान हलवली. दिली त्यांनी.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळ काढूनही मला बोलू दिलं, मालकांनी ही जागा दिली, बायांनी कामाचा दिवस मोडून हजेरी लावली, या सगळ्यांचे उपकार मानते. हूं न म्हणता ऐकलंत, त्याचे जास्त. फक्त आत्ता दारापाशी कुणीतरी हूं म्हटला. मी ऐकला. मामांनीही ऐकला, त्यांची मान बघा कशी वळली. जे कुणी असाल, त्यांनी आत येऊन बसावं. गोष्ट आज पुढं जायची नाही.

बोलण्यात कुठं वाकडं गेलं असेल तर अडाणी बाई म्हणून पदरात घ्या. गोष्ट अर्धी ठेवली, ती मात्र चूक नव्हे. तिची माफी मी मागत नाही.