आप्पांचं आणि माशांचं घर

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, तुम्हाला ठाऊक आहेत, मुंगीलाही वाट देणारा जैन माणूस. गडमुडशिंगीजवळ आमचा सिमेंटच्या पाइपांचा कारखाना. मालवणाकडनं काम आलं, समुद्रात सोडायला भोकांचे काँक्रीटचे ठोकळे करायचे. त्यावर शिंपले चिकटून वाढतात, पाणी निवळतं, आत मासे राहतात.

आप्पा म्हणाले, "सापळा करतोस व्हय?"

"न्हाय आप्पा, घर हाय त्यांचं."

"घरात सापडलेलं धरायला सोपं जातंय की."

त्या दिवसापासनं ते कारखान्यात पाऊल टाकेनात. ठोकळे गेले, पण माझं चित्त थाऱ्यावर येईना. शेवटी उठलो आणि मालवण गाठलं. तिथल्या एका मच्छीमाराला विचारलं. तो म्हणाला, ठोकळ्यांवर जाळं टाकलं की फाटतं, म्हणून तिथं कोणी टाकत नाही. पिल्लं आत वाढतात. मोठी होऊन बाहेर पडली की मग आम्ही धरतो.

घरी आल्यावर आप्पांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, काही लपवलं नाही. ते उठले. मग चप्पल घातली आणि माझ्याआधी कारखान्याकडं निघाले.

"पुढच्या ठोकळ्यांची भोकं बारकी पाड," म्हणाले. "माणसाचा हात आत जाता कामा नये."