सायकल तिसऱ्या मजल्यावर

(नारायणगुड्यातलं घर, संध्याकाळ. सासरे नामदेवराव आणि सून शर्वरी. आबिड्सचं नवं बहुमजली पार्किंग शर्वरीनं ऑफिसच्या कामात आखलंय.)

शर्वरी : आणि सायकल?

नामदेवराव : आहे की, आबिड्सला. तुझ्या नव्या स्टँडवर मजेत आहे. हवा काय सुंदर आहे वर.

शर्वरी : बाबा, तुम्ही ऑटोनं आलात.

नामदेवराव : हौ. सायकल वर, मी खाली. स्टँड तिसऱ्या मजल्यावर केलास, तर आणायला परत चढावं लागतं ना बाई.

शर्वरी : त्यासाठीच उतार केलाय.

नामदेवराव : उतार उतरताना असतो. चढताना मी त्याला काय म्हणालो, ते घरात बोलण्यासारखं नाही.

शर्वरी : खालचा मजला कारवाल्यांनी मागितला, त्याच्यावरचे दोन स्कूटरवाल्यांनी. सायकलवाला एकही मीटिंगला आला नाही.

नामदेवराव : येईल कसा? सायकल ठेवायला जागा नव्हती.

शर्वरी : टोमणे पुरे. रोज त्या घड्याळाच्या दुकानासमोर झाडाला लावता ना? आजही लावायची.

नामदेवराव : दुकानात महिनाभर सांगतोय, आमच्या सूनबाईनं सायकलींसाठी स्टँड केलाय, या बघायला. आणि मीच झाडाला लावू? सगळे दारात येऊन उभे होते. वॉचमन म्हणाला, "पैन, पैन." वर जा म्हणे. गेलो वर, हल्लू हल्लू ढकलत. दुसऱ्या वळणावर गुडघा धरला. तरी चढवली. पण परत आणायला जायची हिंमत झाली नाही.

शर्वरी : मग खाली येऊन दुकानात काय सांगितलंत?

नामदेवराव : सांगितलं, एकदम आरामाचं आहे.

शर्वरी : कशाला खोटं बोललात?

नामदेवराव : तुझं काम आहे ना ते. अजून काय सांगू? आता तुझ्या सासूबाईंना आयतं निमित्त. वय झालं, सायकल विकून टाका, असं चाललंच होतं त्यांचं. मला नाही विकायची, शर्वरी. ऑटोत बसलो, तर कुठं जातोय ते आधी दुसऱ्याला सांगावं लागतं.

शर्वरी : मी भांडले असते तर खाली दोन कारची जागा सायकलींना मिळाली असती. साहेबांसमोर गप्प बसले. स्वतःचाच राग येतोय.

नामदेवराव : येऊ दे थोडा. चांगला असतो.

शर्वरी : उद्या सकाळी सायकल मी खाली आणते आणि सगळ्यांच्या देखत त्या झाडाला लावते. मग साहेबांकडे जाते खालची जागा मागायला.

नामदेवराव : दुकानातले हसतील तुला.

शर्वरी : हसू देत. तुमची सायकल बंद नाही पडायची.